तांब्यावरची रेघ

एखाद्या गोष्टीची पक्की ग्वाही द्यावयाची झाली म्हणजे आपण म्हणतो, "ही काळ्या दगडावरची रेघ समजा!" ग्वाही देणारा पुढे शब्दाला जागतो की नाही, हा प्रश्न निराळा. पण हा वाक्प्रचार ज्याच्या तोंडून प्रथम निघाला असेल, त्याला रेघेचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे. पाटीवरची रेघ ओल्या फडक्याने जाते, कागदावरची रबराने जाते, आणि दारापुढच्या रांगोळीची तर पहाटेच्या वाऱ्यानेही जाते. दगडावर कोरलेली रेघ मात्र ओढली की ओढली. ती परत घेता येत नाही.

यंदाच्या दिवाळीला वाचकांची ज्या गृहस्थांशी गाठ घालून द्यावी असे मनात आहे, त्यांचे उभे आयुष्य अशाच परत न घेता येणाऱ्या रेघा ओढण्यात गेले. दगडाच्या जागी त्यांच्यापुढे तांब्याचा पत्रा होता, एवढाच काय तो फरक. नाव क्लोद मेलाँ. जन्म १५९८ साली, उत्तर फ्रान्समधील आबव्हील या गावी; मृत्यू १६८८ साली, पॅरिसला. नव्वद वर्षांचे हे आयुष्य आपल्याकडच्या शहाजीराजांच्या काळापासून संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीपर्यंत पसरले आहे. या माणसाने सुमारे चारशे चित्रे तांब्यावर कोरली. पण त्याचे नाव जगाने लक्षात ठेवले ते एका चित्रासाठी, आणि ते चित्र सबंध एका रेघेचे आहे.

एका रेघेचे म्हणजे काय, ते कळण्यासाठी आधी ही विद्या थोडी समजून घेतली पाहिजे. घासूनपुसून आरशासारखा केलेला तांब्याचा पत्रा घ्यावयाचा. हातात पोलादाची बारीक कोरणी; तिचे टोक तिरपे घासून धार लावलेले आणि मागे अळंबीच्या आकाराची लाकडी मूठ. ही मूठ तळहातात बसते आणि तळहाताच्या रेट्याने कोरणी पुढे सरकते. हातोडीचे येथे काम नाही. कोरणी पुढे जाते तसा तांब्याचा केसासारखा कीस निघत जातो आणि मागे एक स्वच्छ चर उरतो. रेटा हलका असेल तर चर उथळ आणि अरुंद. रेटा वाढवला की खोल आणि रुंद. मग साऱ्या पत्र्याला दाट शाई चोळावयाची आणि वरवरची पुसून काढावयाची. चरांत भरलेली तेवढी राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या यंत्रातून दाबून काढला की कागद त्या चरांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणूनच अशी रेघ कागदावर किंचित उठून येते. खिशातली पाचशेची नोट काढून गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवून पाहा, बोटाला जे लागते ते या जुन्या विद्येचेच आजचे रूप.

ही विद्या आपल्या मुलखालाही अगदी परकी नाही. पेशवाईच्या अखेरीस पुण्यातील एका तांबटाने ती इंग्रजांच्या सहवासात शिकून घेतली आणि पुढे मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने, १८०५ साली, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून संपूर्ण भगवद्गीता छापली गेली. छापताना सारे उलटे उमटते, तेव्हा त्या कारागिराने अठराही अध्याय उलट्या अक्षरांत कोरले असले पाहिजेत. गीतेतला स्थितप्रज्ञ कसा असतो, हे त्याला निराळे शिकवावे लागले नसेल!

या कामातली खरी मेख पुढेच आहे. वळणदार रेघ काढावयाची तर कोरणीचा हात वळवीत नाहीत. पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवलेला असतो. उजवा हात कोरणी धरून जवळजवळ स्थिर राहतो आणि डावा हात पत्रा फिरवीत जातो. कुंभाराचे चाक फिरते आणि बोटे जागच्या जागी राहतात, तसाच हा प्रकार. आणि चूक झाली तर? तेवढा भाग पात्याने खरडावयाचा, घासून गुळगुळीत करावयाचा आणि तेथे जो खळगा पडतो तो पत्र्याच्या पाठीमागून ठोकून वर आणावयाचा. एका चुकीच्या रेघेसाठी ही सारी यातायात. त्यापेक्षा चुकू नये, हेच स्वस्त.

आता अडचण अशी की शाई काळी आणि कागद पांढरा. मधला करडा रंग कोरणाऱ्याजवळ नाही. मग गालावरची कोवळी सावली दाखवायची कशी? सर्वांनी शोधलेला उपाय म्हणजे रेघांवर आडव्या रेघा टाकून जाळी विणणे. जाळी दाट तर सावली गडद, विरळ तर फिकी. रेघेची जाडी कमी-अधिक करून चित्राला उठाव आणण्याची हातोटीही मेलाँच्या आधी होती. हॉलंडमधील हेंड्रिक गोल्त्सियस हा त्या हातोटीचा बादशहा. मेलाँने केले ते असे की जाळी सोडून दिली आणि केवळ जाडी ठेवली. त्याच्या उत्तम चित्रांत एक रेघ दुसरीला सहसा छेदत नाही. शेतातल्या नांगरटीसारख्या सगळ्या शेजारी शेजारी चालतात; सावलीत शिरताना फुगतात, उजेडात येताना बारीक होतात, आणि एवढ्यावर नाक, डोळे, वस्त्राच्या चुण्या सारे उभे राहते.

ही शिस्त त्याला एका दिवसात साधली नाही. १६२४ साली तो रोमला गेला. तेथे फ्रांचेस्को व्हिल्लामेना या नामांकित कोरीवकाराकडे तो शिकू लागला, पण गुरू त्याच वर्षी वारले. मग त्याला सिमाँ व्हुए हा फ्रेंच चित्रकार भेटला. त्याने शहाणपणाचा सल्ला दिला : कोरणी राहू दे, आधी चित्र काढायला शीक. इतरांची चित्रे पाहून तांब्यावर उतरवणारे कोरीवकार पुष्कळ होते. स्वतः समोरच्या माणसाचे चित्र काढून ते स्वतःच कोरणारा मेलाँ त्यांच्याहून निराळा निघाला, त्याचे मूळ या सल्ल्यात आहे. रोममध्ये त्याने जुस्तिनियानी या सरदाराच्या संग्रहातील प्राचीन पुतळ्यांची चित्रे कोरली. पांढऱ्या संगमरवराच्या त्या शांत अंगावर जाळी शोभत नाही, एकेरी रेघ शोभते. पोप आठवा अर्बन हा कविता करीत असे. १६३१ साली निघालेल्या त्याच्या काव्यसंग्रहासाठी बेर्निनीने रेखाटलेले मुखचित्रही मेलाँनेच तांब्यावर उतरवले.

हाच तो पोप, ज्याच्या अमदानीत १६३३ साली गॅलिलिओवर खटला झाला. आणि नियतीची मौज पाहा, ज्याने पोपच्या कवितांना मुखचित्र दिले, त्याच कोरीवकाराच्या डोळ्याला तीन वर्षांनी दुर्बीण लागली!

१६३६ साली मेलाँ फ्रान्सला परतत होता. वाटेत एक्स या गावी त्याला पेरेस्क यांनी थांबवून घेतले. हे पेरेस्क म्हणजे त्या काळातले एक अचाट गृहस्थ. नाणी, हस्तलिखिते, झाडे, मांजरे, ग्रह, साऱ्यांचा त्यांना नाद. युरोपभर पत्रे लिहीत. गॅलिलिओवर दया करा म्हणून थेट पोपच्या पुतण्याला लिहिण्याचे धैर्यही त्यांनी दाखवले होते. त्यांच्या डोक्यात त्या वेळी एक मोठे काम घोळत होते. चंद्रग्रहण सर्व ठिकाणांहून एकाच क्षणी दिसते, पण त्या क्षणी प्रत्येक गावचे घड्याळ निराळी वेळ दाखवते. दोन गावांच्या वेळेत चार मिनिटांचा फरक, तर रेखांशात एका अंशाचा फरक. ऑगस्ट १६३५ मधील ग्रहणाच्या वेळी पेरेस्क यांनी भूमध्य समुद्राकाठच्या अनेक गावांतून निरीक्षणे करवून घेतली, आणि त्यावरून निघाले असे की नकाशे त्या समुद्राची लांबी सुमारे हजार किलोमीटरने वाढवून दाखवीत होते. बिचारे खलाशी इतकी शतके नसलेल्या पाण्यावरून गलबते हाकीत होते!

हे गणित अधिक बिनचूक करायचे तर पृथ्वीची सावली चंद्रावरच्या नेमक्या कोणत्या डागाला केव्हा शिवली, हे सांगता आले पाहिजे. आणि त्यासाठी आधी चंद्राचा नकाशा पाहिजे. दुसऱ्या एका चित्रकाराला बसवून पाहिले होते, पण समाधान झाले नव्हते. मग मेलाँ दुर्बिणीला डोळा लावून बसला. बरोबर तत्त्वज्ञ आणि ज्योतिषी गासाँदी. तीन चित्रे तयार झाली : शुक्ल पक्षातला अर्धा चंद्र, पौर्णिमेचा पूर्ण चंद्र आणि कृष्ण पक्षातला अर्धा चंद्र. अर्ध्या चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा लांब सावल्या टाकतात. तेथे मेलाँची रेघ फुगते. पौर्णिमेला सूर्य समोरून येतो, सावल्या लोपतात आणि काही विवरांतून फुटलेले पांढरे पट्टे तेवढे उठून दिसतात. तेथे ती रेघ मागे सरते आणि कागद कोराच राहतो. जे दिसले ते कोरले. दिसले नाही ते शोभेसाठी घातले नाही.

आणि मग जून १६३७ मध्ये पेरेस्क वारले. चंद्राचा नकाशा तेथेच थांबला. पत्रे कोरून तयार होते, पण त्यांचे करावयाचे काय हे ज्याला ठाऊक होते तोच उरला नाही. दहा वर्षांनी, १६४७ मध्ये, डान्झिगच्या हेवेलियसने चंद्राचा मोठा ग्रंथ काढला आणि कीर्ती त्याच्याकडे गेली. आज जाणकार मेलाँची ती तीन चित्रे पाहून थक्क होतात. पण ज्या खलाशांसाठी ती कोरली गेली त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाहीत. चंद्रावर आज पेरेस्क यांच्या नावाचे एक विवर आहे, गासाँदींच्या नावाचे तर चांगले मोठे आहे. मेलाँने मात्र १६३७ सालीच पेरेस्क यांचा चेहरा तांब्यावर कोरून ठेवला होता. पुढे गासाँदींचाही कोरला.

पॅरिसमध्ये मेलाँचे दिवस पालटले. लूव्र राजवाड्यात त्याला राहायला जागा मिळाली. त्याच राजवाड्यात १६४० साली राजाचा छापखाना सुरू झाला होता. तेथून निघालेल्या व्हर्जिल, होरेस आणि बायबल यांच्या थोरल्या आवृत्त्यांसाठी पुसाँने मुखचित्रे रेखाटली आणि ती मेलाँने कोरली. आणि १६४९ साली ते चित्र आले.

ख्रिस्ती परंपरेतली कथा अशी. क्रूस वाहून नेताना येशूचा चेहरा घामाने आणि रक्ताने माखला होता. वाटेवरच्या व्हेरोनिका नावाच्या बाईला राहवले नाही. तिने आपल्या वस्त्राने तो पुसला आणि वस्त्रावर चेहरा उमटून राहिला. ते वस्त्र अनेकांनी चितारले होते. मेलाँने पत्र्याच्या मध्याजवळ, येशूच्या नाकाच्या शेंड्यावर कोरणी टेकवली आणि तेथून एक रेघ गोल फिरवायला आरंभ केला. उदबत्तीच्या भांड्यात डासांची वेटोळ्याची वडी असते ना, तसे वेटोळे. फेऱ्यावर फेरा, दीडशेच्या आसपास फेरे, सगळ्यांत जवळजवळ सारखेच अंतर. कोठे रेघ तुटत नाही, दुसरी येऊन मिळत नाही. नुसती फुगते आणि बारीक होते. आणि त्यातून नाकपुडी, ओठ, दाढी, काट्यांचा मुकुट, कपाळावरून ओघळणारे थेंब आणि आपल्याकडे पाहणारे दोन डोळे निर्माण होतात. तसबीर हातभराहून लहान आहे : उंची सुमारे त्रेचाळीस सेंटिमीटर, रुंदी बत्तीस. खालच्या बाजूला लॅटिनमध्ये चार-पाच शब्द आहेत. त्यांचा आशय असा : एकमेव असा तो, एकीनेच घडला, दुसरा नाही. एकमेव म्हणजे देवाचा एकुलता पुत्र आणि एकी म्हणजे ती रेघ. 'दुसरा नाही' हे येशूबद्दल आहे की कोरणाऱ्याबद्दल, हे मेलाँने आपल्यावर सोपवले आहे.

दीडशे फेऱ्यांपैकी शंभरावा फेरा चालू असताना हात चळला असता तर, असा विचार मनात आला की अंगावर काटा येतो. परंतु येथेच एक शंकाही डोके वर काढते, आणि साहित्याच्या शिक्षकाला तर ती टाळता येणार नाही. हे सारे कसरतीसारखे नाही काय? दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याचे आपण कौतुक करतो, पण त्याला नृत्य म्हणत नाही. आपल्याकडेही कमळाच्या पाकळ्यांत, तलवारीच्या पात्यावर अक्षरे बसवून केलेली चित्रकाव्ये आहेत आणि मम्मटाने त्यांना काव्याच्या शेवटच्या पायरीवर बसवले आहे. आपल्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे लिहिली, त्यांत ओठांनी उच्चारावयाचे एकही अक्षर नसलेले निरोष्ठ रामायणही आहे. वर्गात ते सांगितले की मुले आधी चकित होतात, मग ओठांवर बोट ठेवून म्हणून पाहतात आणि शेवटी एखादा विचारतोच, "पण सर, याने रामायणात भर काय पडली?" प्रश्न रास्त आहे. मेलाँलाही तोच विचारला पाहिजे.

माझ्या मते अशा कृतीची कसोटी साधी आहे. अट विसरून कृतीकडे पाहावे. वेटोळ्याची गोष्ट ज्याला कोणी सांगितली नाही, अशा माणसापुढे हे चित्र हातभर अंतरावर धरा. त्याला प्रथम दिसतो तो एक थकलेला, क्षमाशील चेहरा. रेघ त्याला दिसते ती जवळ गेल्यावर. चेहरा आधी आणि करामत मागाहून, हा क्रम जेथे टिकतो तेथे कसरत कलेच्या सेवेला लागलेली असते.

दुसरे असे की ही अट चित्राच्या पोटातूनच आली आहे. व्हेरोनिकेच्या वस्त्रावरचा चेहरा कोणी चितारलेला नव्हता. तो एका स्पर्शाने उमटला होता. तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उमटतो, अगदी तसाच. मग तो कोरताना हाताचा हिशेबी खटाटोप, येथे जाळी, तेथे ठिपके, असे काही दिसता कामा नये. एकदा टेकवलेली कोरणी शेवटपर्यंत उचलली जाऊ नये, हे त्या कथेलाच शोभते. मेलाँने हीच युक्ती एखाद्या उमरावाच्या चेहऱ्यावर केली असती तर ती नुसती युक्ती झाली असती.

या शिस्तीची किंमतही त्याने मोजली. जाळी नाही, त्यामुळे त्याच्या चित्रांत दाट काळोख येत नाही. सगळीकडे एक रुपेरी उजेड पसरलेला असतो. मखमल, फर, चिलखताची झळाळी यांना तो अपुरा पडतो. त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेला रोबेर नाँतय जाळी, ठिपके, तुटक रेघा असे सगळे मार्ग वापरून दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रे कोरून गेला आणि दरबार त्याच्यावर लुब्ध झाला. कोरीवकारांना कारागिरांच्या संघाच्या नियमांत बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ही स्वतंत्र कला आहे, असे चौदाव्या लुईने १६६० साली फर्मानाने जाहीर केले. त्यामागेही नाँतयचीच खटपट होती. त्या स्वातंत्र्याचा लाभ म्हाताऱ्या मेलाँलाही मिळाला. राजसंग्रहातील प्राचीन पुतळे कोरण्याचे काम त्याच्याकडे आले. सत्तरी ओलांडलेला हा माणूस पुन्हा संगमरवराकडे वळला, आणि पुन्हा एकेरी रेघेनेच.

पुढे छायाचित्र आले आणि कोरीवकारांचा पोटापाण्याचा धंदा बुडाला. आज तर कोणत्याही चेहऱ्याचे छायाचित्र संगणकाला दिले की तो ते क्षणात एका वेटोळ्यात बसवून देतो, आणि मनाजोगते झाले नाही तर दुसऱ्या क्षणी पुसून नवे देतो. त्या वेटोळ्यात काय कमी असते? रेघ तर मेलाँपेक्षाही नितळ असते. कमी असते ती जोखीम. नव्व्याण्णव फेरे बिनचूक झाले म्हणून शंभरावा आपोआप होत नाही, हे ठाऊक असलेल्या हाताचा जो आदर रेघेत उतरतो, तो तेथे नसतो. आपल्या घरोघरी शब्द देणे आणि तो मागे घेणे आता इतके सोपे झाले आहे की परत न घेता येणारी एखादी रेघ अधूनमधून पाहणे मला तरी गरजेचे वाटते.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्या चित्राच्या प्रती आहेत. तिकडे जाणे न घडले तरी त्याची चांगली प्रतिकृती मिळवणे अवघड नाही. मिळाल्यास मुलांच्या हाती भिंग द्या आणि नाकाच्या शेंड्यापासून रेघेचा माग काढायला सांगा. शिवाय मेलाँचे दुसरे चित्र तर सर्वांना फुकट पाहण्यासारखे आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आकाशात चंद्र नसतो. पण पणत्या विझून, फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की कार्तिक शुद्ध अष्टमीच्या सुमारास अर्धा चंद्र माथ्यावर येईल. घरात लहानशी दुर्बीण असेल तर ती गच्चीवर न्या आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर नजर ठेवा. एक्स गावी मेलाँ डोळा लावून बसला होता तो तेथेच.